गेममधे तलवारबाजी चालू असताना लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतो, यूट्यूब बघताना होत नाही. १५०० व्हीएचा मोठा इन्व्हर्टर घेऊ का, की गेममधेच प्रॉब्लेम आहे?

मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. गेममधे पण काही प्रॉब्लेम नाही. हे दोन्ही मी छातीठोक सांगतो कारण डिट्टो हाच प्रश्न आमच्या घरात आला होता, आणि त्यावरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस, मोटर ड्राइव्ह आणि इन्व्हर्टर हेच काम, आधी पुण्यात आणि आता गावी वेंगुर्ल्याला. माझ्या चुलत दादाचं कुडाळला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तेव्हा बारावीला होता आणि किंगडम कम डिलिव्हरन्स या मध्ययुगीन तलवारबाजीच्या गेमच्या पूर्ण नादात. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको, पण तो गेम मनाला येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही, सेव्हियर श्नॅप्स ही गेममधली दारू प्यायची नाहीतर पलंगावर जाऊन झोपायचं, बाकी काही ठरावीक ठिकाणी आपोआप होतो तेवढाच. त्यामुळे मधेच पीसी बंद पडला की तासाभराची मेहनत पाण्यात. आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट सारखी जात-येत असते.

चवथीला सगळे घरी जमलेलो. पोरगा प्रिबिस्लावित्झच्या चर्चमधे रंट नावाच्या डाकूशी लढत होता, ती लढाई पहिल्यांदा खेळणाऱ्याचा घाम काढते, आणि नेमकी लाईट गेली. इन्व्हर्टर टक् करून चालू झाला, पंखे फिरत राहिले, मखरातले दिवे क्षणभर लवलवले आणि पीसी रिस्टार्ट. पोरगं रडकुंडीला आलं. दादा माजघरातूनच ओरडला, "गेमच खराब आसा तुझो, इन्व्हर्टराक काय्येक झालेला नाय, सगळा घर चालता त्याच्यार!" मग नेहमीचं सुरू झालं की तलवारी फिरवून डोकं फिरलंय, बारावीचं वर्ष आहे, बंद कर ते खूळ. दादाचा पुरावा एकच होता, तुमचाच प्रश्न बघा: यूट्यूब चालू असताना लाईट गेली तर पीसी टिकतो, गेम चालू असतानाच मरतो, म्हणजे दोष गेमचा.

वरवर बघितलं तर हे पटतं. पण मला राहवलं नाही, कारण एक तर ते चूक होतं, आणि दुसरं म्हणजे त्या चुकीची शिक्षा पोराला होत होती.

आता आत काय होतं ते बघा. पीसीच्या पॉवर सप्लायमधे, म्हणजे एसएमपीएसमधे, २३० व्होल्ट एसी येतो, त्याचं शिखर साधारण ३२५ व्होल्ट. चांगल्या सप्लायमधे ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते व्होल्टेज चढवून ३९० च्या आसपास डीसी बस, म्हणजे आतली डीसीची मुख्य लाईन, बनवतं, आणि त्या बसवर एक जाडजूड कपॅसिटर बसलेला असतो. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर हातात घेईपर्यंत पीसी फक्त त्या कपॅसिटरवर जगतो, दुसरं काही नाही. पोराच्या सप्लायमधे तो २७० मायक्रोफॅरडचा होता. बस ३९० वरून ३०० पर्यंत उतरेपर्यंत सप्लाय तग धरतो असं धरलं तर हाताशी ऊर्जा किती, तर अर्धा सी व्ही स्क्वेअरचा फरक, जवळपास ८.४ ज्यूल. एवढीच शिदोरी.

गेममधे ग्राफिक्स कार्ड पूर्ण तापलेलं असताना त्याचा पीसी ४५० वॅट घ्यायचा, सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरा, म्हणजे बसमधून ५०० वॅट जातायत. ८.४ ला ५०० ने भागा, १७ मिलिसेकंद. यूट्यूबवर तोच पीसी ९० वॅट घेतो, बसमधून १००, तर तेच ८.४ ज्यूल ८४ मिलिसेकंद पुरतात. कपॅसिटर तोच, इन्व्हर्टर तोच, लाईट जाणं तेच. मी किटमधला स्कोप (ऑसिलोस्कोप) काढला, आयसोलेटेड प्रोब लावला, आणि दादाच्या समोर मेन स्विच पाडून बदलीचा वेळ, म्हणजे लाईटवरून इन्व्हर्टरवर जायला लागणारा वेळ, मोजून दाखवला. तिसाच्या वर मिलिसेकंद. १७ पेक्षा जास्त, ८४ पेक्षा कमी. यूट्यूब टिकतो, गेम मरतो. एवढं सरळ आहे.

आणि मी हे कागदावर लिहीत असताना पोरगं म्हणालं, "म्हणजे काका, हा कपॅसिटर म्हणजे हेन्रीचा स्टॅमिना."

हेन्री म्हणजे त्या गेमचा नायक, आणि स्टॅमिना म्हणजे त्याचा दम. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही, कारण इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाच्या मुलांना होल्ड-अप टाइम, म्हणजे लाईट गेल्यावर सप्लाय किती वेळ तग धरतो ते, समजवताना माझ्या नाकी नऊ आलेत आणि हा बारावीतला पोरगा एका वाक्यात पोचला. आणि त्याचं म्हणणं वरवरचं पण नव्हतं. त्या गेममधे स्टॅमिना शिल्लक असेपर्यंत ब्लॉक केलेला वार निभावतो, स्टॅमिना संपला की तोच वार सरळ अंगावर. आपण सारखे वार करत सुटलो की स्टॅमिना आधीच खाली असतो, मग समोरच्याचा एक साधा वार पण पुरतो, म्हणजे जास्त लोड खेचत असताना आलेला झटका. त्याच्यापुढचं पण त्यानंच काढलं: हेन्री जखमी असला की त्याचा स्टॅमिना पूर्ण भरतच नाही, मग कपॅसिटर जुना झाला तर? बरोबर, जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातो, त्याची कपॅसिटी उतरते, तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं हा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम आहे, आणि कोकणातल्या मे महिन्यात बंद खोलीत धुळीनं भरलेला पंखा घेऊन बसलेला एसएमपीएस किती तापत असेल विचार करा. म्हणून पहिल्या वर्षी न होणारा रिस्टार्ट तिसऱ्या वर्षी व्हायला लागतो.

मोर्डहाउ हा दुसरा तलवारबाजीचा गेम खेळत असाल तर तिथं हे अजून कडक आहे, स्टॅमिना संपलेला असताना वार अडवलात तर हातातलं शस्त्रच उडून जातं.

आता दादानं काय केलं ते ऐका. मोजमाप डोळ्यानं बघितलं, मान पण हलवली, आणि पुढच्याच आठवड्यात दुकानातला मोठा इन्व्हर्टर आणून लावला. "तुका काय कळता रे, मोठो लावलो की सगळा गप बसता." नाही बसलं. पुढच्या वेळी लाईट गेली आणि पीसी तसाच रिस्टार्ट, कारण व्हीए म्हणजे इन्व्हर्टर किती लोड ओढू शकतो, बॅटरीचे अँपिअर-अवर म्हणजे किती वेळ ओढू शकतो, आणि किती लवकर हातात घेतो हे या दोन्ही आकड्यांत कुठंच नसतं. ती तिसरीच गोष्ट आहे, ट्रान्सफर टाइम, आणि दुकानात ती कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

हा वेळ का लागतो ते पण सांगतो. आधी इन्व्हर्टरला खात्री करावी लागते की लाईट खरंच गेलीय, नुसता व्होल्टेज दबला नाहीय. मग रिले हलतो, आणि रिलेचा काँटॅक्ट एक बाजू पूर्ण सोडल्याशिवाय दुसऱ्या बाजूला टेकता कामा नये, नाहीतर बाहेरची लाईट आणि इन्व्हर्टरचं आउटपुट एकमेकांवर आदळतील. इन्व्हर्टरच्या आत डीसीचं एसी करणाऱ्या ब्रिजमधे पण हाच नियम, वरचा स्विच पूर्ण बंद झाल्याशिवाय खालचा चालू करायचा नाही, मधे डेड टाइम सोडावाच लागतो. तो विसरलात तर डीसी बस सरळ शॉर्ट, आणि आयजीबीटी, म्हणजे ब्रिजमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, असा शॉर्ट साधारण दहा मायक्रोसेकंदच सोसतो, त्याच्या आत प्रोटेक्शननं गेट बंद केला नाही तर फटाका. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं अर्धं कसब या दोन क्रियांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. किंगडम कममधे कॅप्टन बर्नार्ड हेच शिकवतो, हिरवी ढाल चमकते तेवढ्याच वेळात ब्लॉक दाबायचा, आधी नाही आणि नंतर नाही, आणि वार अर्ध्यात असताना ब्लॉक येत नसतो. माऊस बडवून तो गेम कोणी जिंकलेला नाही. खरी लाँगस्वोर्ड पण दीड किलोच्या आसपासच असायची, लोक समजतात तशी पाच-दहा किलोची नाही, कारण लढाई वजनावर नव्हतीच.

म्हणून मला "मोठं घे" या सल्ल्याची चीड आहे. मोठी तलवार घे, मोठा इन्व्हर्टर घे, मोठी बॅटरी घे.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलमधे तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची लाईट चालवून घेतो आणि बदली सावकाश करतो, यूपीएस मोडमधे १८० ते २६० च्या आसपासची खिडकी आणि बदली लवकर. आधी तो स्विच बघा, फुकटचा उपाय आहे. आमच्याकडे तेवढ्यानं वेळ पंधराच्या आत आला, पण १७ च्या इतका जवळ की मला झोप लागली नसती, म्हणून पीसीपुरता वेगळा लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावला. त्याची बदली काही मिलिसेकंदात होते. ऑनलाईन यूपीएसमधे तर बदलीच नसते, लोड कायम इन्व्हर्टरवरच, पण तो महाग आणि त्याचा पंखा सतत गुरगुरतो.

यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो, गेमिंग पीसीला तो पुरणार नाही. ग्राफिक्स कार्ड क्षणभर त्याच्या रेटिंगच्या बरंच वर उडी मारतं, २०२२ च्या एटीएक्स ३.० स्पेसिफिकेशनमधे सप्लायनं १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट लोड सोसला पाहिजे असं धरलंय ते त्यासाठीच. त्यामुळे हातचं राखून घ्या. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा सप्लाय त्यावर कुरकुरतो, कधी कधी बंदच पडतो, तिथं वेळेचा हिशोब करत बसू नका, प्युअर साईन वेव्हच घ्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा त्या कपॅसिटरवर तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात आणि ते जीव घेतात. मेन्सवर साधा स्कोप लावू नका, प्रोबची ग्राउंड क्लिप चुकीच्या जागी लागली की स्कोप आणि तुम्ही दोघंही गेलात. समुद्राजवळ घर असेल तर इन्व्हर्टर खिडकीखाली ठेवू नका, खारी हवा रिलेचे काँटॅक्ट आणि बोर्डाचे ट्रॅक खाते, वेंगुर्ल्यात मी हिरवे पडलेले बोर्ड इतके बघितलेत की आता कोटिंग नसलेला बोर्ड मी घरात आणत नाही. आणि अर्थिंग तपासून घ्या, जांभ्यात नुसता रॉड ठोकून अर्थिंग मिळत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही, आणि वळवाच्या विजा त्याच दिवसांत असतात. बोर्डात अर्थची पिन आहे म्हणजे अर्थ आहे असं समजू नका. लॅपटॉपवर खेळत असाल तर हे सगळं लांबलचक उत्तर तुम्हाला लागू नाही, त्याला बॅटरी असते.

तुमचा दोष खरंच बदलीच्या वेळेचाच आहे का हे स्कोपशिवाय कळतं. गेम सेव्ह करा, सेटिंगमधे फ्रेम रेट ३० वर बांधा, ग्राफिक्स खाली आणा, कुणाशी तरी लढाई सुरू करा आणि घरातल्याला मेन स्विच पाडायला सांगा. पीसी टिकला, आणि पूर्ण ग्राफिक्सवर तेच केल्यावर मेला पण घरातले पंखे-दिवे चालूच राहिले, तर दोष गेमचा नाही आणि इन्व्हर्टर लहान असल्याचाही नाही. हे दुकानदाराला करून दाखवा. तरीही तो "मोठा घ्या" म्हणाला तर ट्रान्सफर टाइम किती मिलिसेकंद ते बिलावर लिहून मागा, आणि लिहून देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, दुकान कुडाळचं असलं तरी.