शिवारफेरीत बायांनी काय बोलायचं?

प्रश्न : बाई, नमस्कार. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी जो कृषी संजीवनी प्रकल्प आहे, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात आमचं गाव आलंय. आराखडा करायला पुढच्या महिन्यात शिवारफेरी आहे, नंतर ग्रामसभा. बचतगटाची सचिव म्हणून मलाही बोलावलंय. मी बारावी शिकलेली. घरचे म्हणतात, साहेब लोक सगळं संगणकात घेऊन येतात, तू काय सांगणार? आपण बोलल्यानं खरंच काही बदलतं का?
— एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : ताई, बदलतं. माझ्या डोळ्यांदेखत बदललंय, तेच सांगते.

हा प्रकल्प 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मराठवाड्यात आणि विदर्भात सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच हजारांवर गावं होती, त्यात आमचंही होतं. फेरीच्या दिवशी कृषी सहायक नकाशा घेऊन आले. ओढ्याच्या वळणावर सिमेंट बंधारा दाखवला होता. उतार, पाणलोट, सगळं हिशेबात बसत होतं. आमच्या गटातली एक म्हातारी तिथल्या विहिरीच्या काठावर बसली होती. ती म्हणाली, "हिला संक्रांतीपर्यंत पाणी असायचं. आता दिवाळीतच तळ दिसतो. वरच्या अंगाला बोअर किती झालेत, मोजा की." सगळे चालत वर गेलो. नोंदीत तीन बोअर होते, मोजले तर अकरा निघाले. चार बांधांवरून उड्या मारत मोजणी झाली, तेव्हा सहायकांनी तिथंच बसून वहीत खाडाखोड केली. पुढे तो बंधारा वगळला आणि जुन्या दोन बंधाऱ्यांतला गाळ काढायचं ठरलं.

म्हातारीच्या एका वाक्यानं एवढं का व्हावं? कारण आराखड्याचा पाया असतो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडतो, त्यातला किती वाहून जातो, किती मुरतो आणि पिकं, माणसं, जनावरं मिळून किती लागतं, याचा जमाखर्च. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. हे गणित संगणक बिनचूक करतो. पण खर्चाच्या बाजूला तीन बोअर धरायचे की अकरा, हळद किती आणि सोयाबीन किती, हे त्याला गावानंच सांगायचं असतं. तिथं चूक राहिली की पुढचा सगळा सल्ला चुकतो.

म्हणून "पाऊस कमी झालाय" एवढंच म्हणू नका. कधी पडला आणि मध्ये किती दिवस दडी मारली, ते सांगा. पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली, दुबार कुणाकुणाला करावी लागली, ते नावागावानिशी सांगा. शासनाचं हवामान केंद्र अख्ख्या महसूल मंडळाला एक. तिथं पाऊस झाला म्हणजे तुमच्या शिवारात झालाच असं नाही. साधं पर्जन्यमापक मोकळ्या अंगणात बसवा, रोज सकाळी साडेआठला मोजा आणि वहीत लिहा. हवामान खात्याची वेळही तीच. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त भरला तर तो पावसाचा दिवस. अशी दोन वर्षांची वही फेरीत उघडली की कुणी शिक्षण विचारत नाही.

आणि खुरपणीला आपणच असतो. कोणत्या तुकड्यात पाणी साचून तूर उबळते, कोणत्या मुरमाडात चार दिवसांत पीक माना टाकतं, हे बायांना पायांखाली कळलेलं असतं. चाऱ्याचं आणि सरपणाचंही तसंच. ही माहिती कुठल्याच नोंदीत नसते, ती तुम्हीच न्यायची.

घरच्यांना एक दाखला द्या. फ्रान्समध्ये 2019 मध्ये चिठ्ठीपद्धतीनं 150 साधे नागरिक निवडले. 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन 1990 च्या तुलनेत 40 टक्क्यांनी कसं कमी करायचं, तेही गरिबावर अन्याय न होता, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. तज्ज्ञ त्यांना समजावून द्यायला होते, ठरवायचं नागरिकांनी. त्यांनी 149 प्रस्ताव दिले. सरकारनं त्यातले बरेच पातळ केले, तेव्हा 2021 मध्ये त्याच नागरिकांनी पुन्हा बसून सरकारला गुण दिले, दहापैकी 3.3. आपला सल्ला कुठं गेला हे विचारण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

कारण आमच्याकडे ते राहून गेलं. गायरानाच्या उतारावर चर खोदा, अशी आमच्या गटाची मागणी होती. अंतिम आराखड्यात ती नव्हती आणि का नव्हती हे आजतागायत कळलेलं नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमची त्या वेळी कागदावरच झाली. रात्री रजिस्टर घरी आलं आणि मी सही केली. ती सही मला अजून सलते.

तुम्ही तशी करू नका. महिला सभेची तारीख आताच लेखी मागा. सूचना कागदावर द्या, ग्रामपंचायतीकडून पोच घ्या. जी सूचना नाकारतील तिचं कारण इतिवृत्तात लिहायला लावा आणि ते मोठ्यानं वाचून घेतल्यावरच सही करा. फेरीला एकट्या जाऊ नका, गटातल्या चौघी-पाचजणी तरी बरोबर न्या, आणि एखादी म्हातारी नक्की न्या.