पायटेस्ट बसवताना आधी हे बघ

चादर-टॉवेलच्या बिलाच्या पायथन प्रोग्रॅमला पायटेस्टने (प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासायच्या साधनाने) टेस्ट लावायच्या म्हणतोस, तर आधी प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, बनव. ते चालू करून मगच पिपने (पायथनची पॅकेजं बसवायच्या साधनाने) पायटेस्ट बसव, नाहीतर ते मशीनवरच्या दुसऱ्याच पायथनमध्ये जाऊन बसतं आणि तू शोधत राहतोस.

‘कलेक्टेड ० आयटम्स’, म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही, असं दिसलं की नावं तपास. फाइलचं नाव (.py सोडून) ‘टेस्ट_’ने (test_) सुरू व्हायला किंवा ‘_टेस्ट’ने (_test) संपायला हवं, फंक्शनचं ‘टेस्ट’ने सुरू व्हायला हवं. नव्या माणसाची गाडी बहुतेक इथंच अडते. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर मूळ फोल्डरातून ‘पायथन -एम पायटेस्ट’ चालव. त्यानं पायथन मॉड्यूल जिथं शोधतं त्या जागांत तो फोल्डरही येतो.

पहिली टेस्ट अगदी साधी घे की: डझनाला ४८० रुपये, तर ३० टॉवेलांचे १२०० यायलाच हवेत. मग नग शून्य, नग उणे. उण्याला एरर यायला हवा, तो ‘पायटेस्ट.रेझेस’ने पकड.

पैशांना फ्लोट (पायथनचा नेहमीचा दशांश आकडा) मात्र वापरू नकोस. पायथनमध्ये ०.१ + ०.२ हे ०.३ च्या बरोबर येत नाही. ‘अप्रॉक्स’ (जवळपास सारखा आकडा चालवून घेणारं पायटेस्टचं फंक्शन) लावून टेस्ट हिरवी होईल, पण बिलात पैशाचा फरक राहू शकतो. तिथं डेसिमलच (दशांश आकडे नेमके ठेवणारा पायथनचा प्रकार) हवं, आणि तेही अवतरणातल्या आकड्यापासून बनवलेलं.