वाचकांचे प्रश्न : चिनी इतिहासकार आणि वैश्विक इतिहास

प्रश्न : चीनमध्ये वैश्विक इतिहास (देशांचे वेगवेगळे इतिहास न सांगता त्यांच्यामधले संबंध बघणारी) ही शाखा पाश्चात्त्य पुस्तकांच्या भाषांतरांतून आली, असं वाचलं. तिथल्या इतिहासकारांची स्वतःची भर काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ती भाषांतरांच्या आधीची आहे. १९६२मध्ये चोउ यिलियांग आणि वू युचिन यांच्या संपादनाखाली जगाच्या इतिहासाचे चार खंड निघाले. मांडणी सोव्हिएत धर्तीची : प्रत्येक समाज आदिम, गुलामी, सरंजामी, भांडवली अशा पायऱ्या चढत जातो आणि आधुनिक काळ १६४०च्या इंग्लिश क्रांतीपासून सुरू होतो. या मांडणीत देश एकापुढे एक येतात, पण त्यांच्यामधलं येणंजाणं निसटतं.

ही उणीव भरून काढायला पुढे आले ते वुहान विद्यापीठातले वू युचिन स्वतः. १९८३च्या लेखात त्यांनी भटक्या पशुपालकांचं जग आणि शेतीचं जग समोरासमोर ठेवलं. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकापासून तेराव्या शतकातल्या मंगोलांपर्यंत आक्रमणांच्या तीन मोठ्या लाटा आल्या. त्यांनी बंदिस्त प्रदेश एकमेकांना जोडले, पण शेतीची अर्थव्यवस्था मुळातून बदलली नाही. ते काम पुढे उद्योगांनी केलं. पायऱ्या चढणं हा त्यांच्या लेखी उभा विकास, तर प्रदेश जोडले जाणं हा आडवा विकास, आणि दोन्ही मिळून जगाचा इतिहास होतो. पायऱ्यांची ही मार्क्सवादी चौकट न सोडता त्यांनी ती रुंद केली, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. इतिहासकार छी शीरोंग यांच्यासह त्यांनी संपादित केलेले सहा खंड १९९०च्या दशकात आले. त्यांत आधुनिक काळ १५००च्या सुमारास सुरू होतो. पाश्चात्त्य इतिहासकार स्टाव्ह्रियानोस यांचा वैश्विक इतिहासाचा ग्रंथ चिनीत १९८८पासून येऊ लागला, तेव्हा त्याला तयार वाचक मिळाला तो वू यांच्या १९८३च्या मांडणीमुळेच.

प्रश्न : मग आज अडतं कुठे?

उत्तर : विभागांच्या भिंतींत. संस्था तर उभ्या राहिल्या : बीजिंगच्या कॅपिटल नॉर्मल विद्यापीठात लिऊ शिनचेंग यांच्या पुढाकाराने २००४मध्ये वैश्विक इतिहासाचं केंद्र निघालं आणि २००८पासून त्याचं नियतकालिकही. पण २०११मध्ये सरकारने चिनी इतिहास, जगाचा इतिहास आणि पुरातत्त्व यांना तीन वेगळ्या प्रथम श्रेणीच्या (म्हणजे स्वतंत्र दर्जाच्या) विद्याशाखा केलं. जगाच्या इतिहासाला मानाचं स्थान मिळालं खरं, पण चीन त्याच्या बाहेरच राहिला.

याचा फटका विद्यार्थ्यालाच बसतो. एक उदाहरण घ्या. १५६७मध्ये चीनच्या मिंग राजघराण्याच्या दरबाराने फूजियान प्रांतातल्या युएगांग बंदरातून खासगी समुद्री व्यापाराला परवानगी दिली. १५७१मध्ये स्पॅनिशांनी फिलिपिन्समध्ये मनिला वसवलं आणि अमेरिकेची चांदी तिथून चीनकडे वाहू लागली. १५८१मध्ये कर चांदीत घेण्याची पद्धत देशभर लागू झाली. हा धागा शोधायचा तर मिंग काळातले दस्तऐवजही वाचता यायला हवेत आणि स्पॅनिश कागदपत्रंही. पहिल्याचं शिक्षण एका विभागात मिळतं, दुसऱ्याचं दुसऱ्या. प्रबंधाला दोन्हीकडचे मार्गदर्शक लागतात.

प्रश्न : चिनी लेखकाचं पुस्तक खरोखर वैश्विक इतिहासाचं आहे का, हे कसं ओळखावं?

उत्तर : अनुक्रमणिकेत चीन कुठे बसवलाय ते आधी बघा. त्याला वेगळं प्रकरण देऊन बाजूला ठेवलं असेल, किंवा तो अजिबात नसेल, तर ते जुन्या वळणाचं आहे. मग वरची चांदी शोधा. ती फक्त युरोपच्या विस्ताराच्या प्रकरणात असेल, तर चिनी मागणीची बाजू सुटली आहे; फक्त मिंग करसुधारणेत असेल, तर ती कुठून आली हे सुटलं आहे. दोन्ही एकाच प्रकरणात असतील, तर ते पुस्तक नीट वाचायला घ्या.