नेपाळमधलं पोखरा की बाली? पहिल्यांदाच निघताय तर

आधी सुट्टी कधी आहे ते बघा. मे महिन्यात असेल तर बाली; तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. दिवाळीत असेल तर डोळे झाकून पोखरा: पाऊस सरलेला, फेवा तलावामागे माछापुच्छ्रे शिखर (६,९९३ मीटर) लख्ख. मेमध्ये हीच शिखरं बहुतेकदा धुरक्यात गडप, आणि मग लोक पोखराला नावं ठेवतात!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- काठमांडू ते पोखरा जेमतेम २०० किलोमीटर म्हणून अर्धा दिवस धरणं. बसने अख्खा दिवस जातो.
- विमानाने नेपाळला फक्त आधारवर निघणं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या.
- बालीत उबुद, बातुर ज्वालामुखी, उलुवातू एका दिवसात उरकणं. ट्रॅफिक पुण्याला लाजवेल. मुक्काम दोन ठिकाणी विभागा.

आई-बाबा सोबत असतील तर पोखराच. ट्रेकचं नंतर बोलू, आधी तारखा कळवा.