देवळालीचा ताप आणि विलायतेची जखम

प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरची एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणताना एक वाक्य अडलंय. मध्यरात्री, तोफा चालू असताना, एक शिपाई बूट काढून पॉलिश करत बसतो आणि सार्जंट म्हणतो की याला 'डूलॅली टॅप' झालाय. कोशात अर्थ 'वेडसर' एवढाच मिळतो. कुणीतरी सांगितलं की हा शब्द आपल्या देवळालीवरून आला, कारण तिथे गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं. हे खरं का? 'टॅप' म्हणजे डोक्यात मारलेली टपली का? आणि 'शेल शॉक' म्हणतात तो हाच का?

देवळाली खरी. टपली खोटी. इस्पितळाचं थोडं सावकाश सांगतो. आणि शेल शॉक हा वेगळाच मामला आहे.

आधी गाव नक्की करू. ही देवळाली म्हणजे राहुरीकडची देवळाली प्रवरा नव्हे. मुंबईहून कसारा घाट चढून आलं की नाशिकरोडच्या अलीकडे लागतं ते देवळाली कॅम्प. आज तिथे तोफखान्याची शाळा आहे. माझं लहानपण नाशिकरोडला गेलं, त्यामुळे लांबवर धडधड ऐकू आली की 'देवळालीला फायरिंग चाललंय' हे वाक्य आमच्या घरात 'दूधवाला आला'च्या चालीवर म्हटलं जायचं. इंग्रजांच्या काळी इथे पलटणींचा मोठा तळ होता. बोटीतून मुंबईला उतरलेले शिपाई आधी इथे येत आणि इथून हिंदुस्थानभर पांगत. मुदत भरली की परत जाणारेही इथेच येऊन थांबत.

त्या थांबण्यातच शब्दाचा जन्म आहे. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. ज्याची मुदत एप्रिलात भरली त्याने काय करायचं? देवळालीला बसायचं. कवायत जवळजवळ नाही, काम नाही, हत्यारं जमा केलेली. वर नाशिकचा उन्हाळा, मग पाऊस, हिवताप आणि कँटीनची दारू. सात-आठ वर्षं शिस्तीत काढलेला माणूस घरी जायच्या तोंडावर बिथरायचा. कुणी मारामारी करी, कुणी चोरी, कुणी एकटाच बडबडत फिरे. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई आधी हिंदुस्थानात आणि नंतर महायुद्धात फ्रान्समध्ये होता. त्याने आपल्या आठवणींत या म्हणण्याचं मूळ असंच, तळावरच्या कंटाळ्यात, दाखवलंय. तळावर राहिलेल्या माणसाची साक्ष म्हणून मला ती वजनदार वाटते.

मग इस्पितळाची गोष्ट कुठून आली? देवळालीत लष्करी इस्पितळं होतीच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवरचे कितीतरी जखमी आणि आजारी बोटीने मुंबईला आणि तिथून देवळालीला आणले जात. पण शब्द त्याच्या आधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बराकींतला आहे. माझा अंदाज असा की वेडाशी गावाचं नाव जोडलेलं दिसलं की लोक तिथे वेड्यांचं इस्पितळ शोधतात. आपण तरी काय करतो? पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' आणि मुंबईत 'हा ठाण्याला जाणार'. इंग्रजांचं 'बेडलॅम'ही लंडनच्या बेथलेम इस्पितळावरूनच आलं. त्यामुळे 'डूलॅली'चंही तसंच असणार असं वाटणं साहजिक आहे. फरक एवढाच की येरवड्याला माणूस वेडा झाल्यावर जातो, देवळालीला तो शहाणा जायचा.

आता 'टॅप'. हा आपला ताप. संस्कृतातला ताप, हिंदी-उर्दूतला तप (तपेदिक म्हणजे क्षय, त्यातला), फारसीतही तसाच. म्हणजे 'डूलॅली टॅप' हा अख्खा शब्द आपला: देवळालीचा ताप. 'देव'मधला व गिळला, ळ तर साहेबाच्या जिभेवर कधी बसलाच नाही, आणि 'डूलॅली' उरलं. पुढे टॅपचा अर्थ विसरला गेला, काहींना ती टपली वाटू लागली, आणि शेवटी टॅप गळून नुसतं 'गॉन डूलॅली' राहिलं. आजही इंग्लंडमध्ये चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आजीला हेच म्हणतात. ताप हा शब्द त्यांनी फेकून दिला. आपल्याकडे तो 'डोक्याला ताप'मध्ये अजून डोक्यातच आहे.

पण हा शब्द बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या चिखलात कसा पोचला? १९१४च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचं जे पहिलं सैन्य फ्रान्सला उतरलं ते जुनं, पगारी सैन्य होतं. त्यातल्या कित्येकांची हिंदुस्थानात वर्षं गेलेली. वर्ष संपेपर्यंत या सैन्याची बेल्जियममधल्या इप्रच्या लढाईत पार वाताहत झाली. मागून आले ते दुकानातले कारकून, गिरणीतले कामगार, शाळामास्तर. जुने थोडे उरले होते, पण त्यांनी नव्यांना आपली बोली दिली. ज्या पोराने हिंदुस्थान नकाशातच पाहिलेला, तो खाकी घालून, पायाला 'पटी' (आपली पट्टी) गुंडाळून, 'डिक्सी'तला (देगचीतला) 'चार' (चहा) पिऊ लागला. खंदकावरून डोकावणं म्हणजे 'डेको' (देखो) घेणं. फुकट मिळालेलं ते 'बक्शी', म्हणजे बक्षीस. ज्या ठिकाणी गोळीबार कमी ते 'कुशी', खुशीतलं. बंदूक तर 'बंडूक'च.

या सगळ्यांत मला चटका लावणारा शब्द 'ब्लायटी'. मूळ विलायती, उत्तरेकडच्या बोलीत बिलायती. आपल्याकडे विलायती चिंच आहे, गावच्या चिंचेपेक्षा वेगळी, परकी. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाने विलायती मालाचं नाव ऐकलं आणि आपल्या मायदेशालाच ते दिलं: ब्लायटी म्हणजे इंग्लंड, घर. मग खंदकांत त्याचा अर्थ आणखी आखडला. 'ब्लायटी' म्हणजे एक विशिष्ट जखम: मरणार नाही, लुळापांगळा होणार नाही, पण घरी पाठवावं लागेल एवढी. मांडीतून आरपार गेलेली गोळी, मोडलेला हात. अशी जखम मिळालेल्याला स्ट्रेचरवरून नेताना सोबती हेवा करत. जर्मन शिपाई तिलाच 'हाइमाटशुस' म्हणत, मायदेशाची गोळी. फ्रेंच सरळ 'चांगली जखम' म्हणत. तीन शत्रू-मित्र भाषांनी एकाच गोष्टीला आपापलं नाव द्यावं, यावरून खंदकात माणसं कशाच्या आशेवर जगत होती ते कळतं.

आता याची दुसरी बाजू. त्याच आघाडीवर १९१४च्या शरदात हिंदी फौज उतरली होती. शीख, पठाण, गुरखे, गढवाली. आपल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. त्यातल्या काही तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या, १४७ दिवस. फ्रान्समधल्या हिंदी शिपायाला जखम झाली तर त्याचीही विलायत होई, पण ती ब्रायटनची. तिथला राजवाडा त्यांच्यासाठी इस्पितळ केला होता. वेगवेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे वेगळे नळ, सगळी बडदास्त. आणि बरा झाला की पुन्हा खंदकात. गोऱ्याची विलायत म्हणजे घर, याची विलायत म्हणजे दोन लढायांमधला मुक्काम. या शिपायांच्या पत्रांत यावरची तक्रार पुन्हा पुन्हा येते. पत्रं सेन्सॉर होत, म्हणून त्यांनीही आपली बोली काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपली, आता लाल वापरतायत, असं एकाने घरी कळवलं. सेन्सॉरने ते अर्थातच ओळखलं. आज आपल्याला ते वाचता येतं ते त्याच्याच फायलींमुळे.

या शब्दांची जात लक्षात घ्या, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. शिपाई मोठ्या गोष्टीला लहान नाव देत होते. काळा धूर ओकणाऱ्या अवजड जर्मन गोळ्याला त्यांनी 'जॅक जॉन्सन' म्हटलं, त्या वेळच्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यावरून. इप्रचं 'वायपर्स' झालं, मेलेला माणूस 'पश्चिमेला गेला'. रमच्या बरणीवर एस. आर. डी. अशी अक्षरं असत. त्यांचा अर्थ त्यांनी 'सेल्डम रीचेस डेस्टिनेशन', म्हणजे 'क्वचितच मुक्कामी पोचते', असा लावला. रम, पत्रं, सिगरेट, सोबतचे चारजण आणि ठरावीक दिवसांनी पुढच्या रांगेतून मागे येणारी पाळी, यांवर माणूस तग धरत होता. पण या सगळ्यांइतकंच त्याला बोलायला लागत होतं, आणि थेट बोललं तर हातपाय गळाले असते. म्हणून थट्टा.

'शेल शॉक' या जातीतला नाही. तोही आधी शिपायांच्याच तोंडी होता, पण डॉक्टर चार्ल्स मायर्सने फेब्रुवारी १९१५मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून त्याला वैद्यकाची टोपी घातली. गोळा फुटल्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते अशी सुरुवातीची समजूत. पण मग गोळ्याच्या जवळपासही नसलेली माणसं थरथरू लागली, मुकी झाली, पांगळी झाली. मायर्सला स्वतःलाच तो शब्द नकोसा झाला. सैन्याला तो वेगळ्या कारणाने नको होता: नाव दिलं की रोग होतो, आणि रोगी लढत नाही. १९१७मध्ये आघाडीवर हे निदान लिहायला मनाई झाली. त्याऐवजी कागदावर अक्षरं आली, 'एन. वाय. डी. एन.', म्हणजे मज्जातंतूंचं काहीतरी, निदान अजून नाही. पळून जाण्याच्या, भ्याडपणाच्या आरोपांखाली ज्यांना स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांतल्या काहींना हेच झालं असणार. अशा ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६मध्ये. दुसऱ्या महायुद्धात सरकारी शब्द 'थकवा' असा झाला. शिपाई मात्र आपल्या जुन्या चालीवरच राहिले. त्यांनी अशा माणसाला 'बॉम्ब हॅपी' म्हटलं.

म्हणून तुमच्या सार्जंटने 'शेल शॉक' न म्हणता 'डूलॅली टॅप' म्हणणं हे त्याचं दयाळूपण आहे, निदान मी ते तसं वाचतो. शेल शॉक म्हटलं की डॉक्टर आला, कागद आला, कदाचित कोर्ट मार्शल आलं. डूलॅली म्हटलं की सोबती हसले, कुणीतरी त्या पोराच्या हातातला बूट काढून घेतला आणि त्याला झोपवलं. वर सार्जंट जुना, हिंदुस्थानात राहिलेला आहे, हेही त्या एका शब्दात कळतं.

तेव्हा भाषांतरात 'वेड लागलंय' किंवा 'भ्रमिष्ट झालाय' घेऊ नका, दोन्ही जड पडतात. 'चळ लागलाय' हे वजनाला बरोबर आहे, पण त्यात गाव हरवतं. मराठी वाचकाला तर हे गाव माहीत आहे. इंग्रज वाचकाला जे कधी कळणार नाही ते त्याला फुकट, बक्शीच म्हणा, मिळतंय. मी असतो तर लिहिलं असतं: 'राहू द्या त्याला. देवळाली चढलीय.' ताप चढतो, दारू चढते. देवळालीला दोन्ही भरपूर होतं. तळटीप द्यायचीच तर एका ओळीची द्या. आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात थोडं खाली 'टॅप'चा 'नळ' झालाय, तो तेवढा आधी काढा.