‘मोदे अनी’ : आभार की कबुली?

यहुदी लोक सकाळी डोळे उघडताच ‘मोदे अनी’ ही छोटी प्रार्थना म्हणतात. तिचा अर्थ ‘मी आभारी आहे’ असा सांगणे बरोबर आहे का, आणि त्यांच्या शिकवणुकीतल्या ‘हाकारात हातोव’ या शब्दप्रयोगाला मराठीत काय म्हणावे, अशी विचारणा झाली आहे.

‘मी आभारी आहे’ हे चूक नाही, पण त्यात निम्मा अर्थ सांडतो. ‘मोदे’ ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचे अर्थ दोन आहेत : आभार मानणे आणि कबूल करणे. यहुदी धर्मशास्त्रात देण्याघेण्याच्या वादात मागितलेल्या रकमेपैकी काही भाग आपण देणे लागतो असे मान्य करणाऱ्या ऋणकोसाठीही ‘मोदे’ हाच शब्द येतो. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात याकोबाची बायको लेआ चौथ्या मुलाच्या जन्मानंतर याच धातूचे क्रियापद वापरते आणि मुलाचे नाव यहूदा ठेवते. ‘यहुदी’ हा शब्द त्या नावावरूनच आला.

मराठीत हे दोन्ही अर्थ पेलणारे क्रियापद आयते आहे, ते म्हणजे ‘मानणे’. आपण उपकार मानतो, आणि चूकही मानतो. (‘धन्यवाद देणे’ आता रुळले आहे, पण देण्यात कबुली नाही.) म्हणून मी ‘मानतो मी तुझे उपकार’ असे भाषांतर करीन. मुळातही क्रियापद आधी येते आणि ‘अनी’, म्हणजे ‘मी’, त्याच्या मागून. शिवाय पुरुष ‘मोदे’ म्हणतो, तर स्त्री ‘मोदा’. हा भेद ‘मानतो’ आणि ‘मानते’ यांत जसाच्या तसा उतरतो.

ही प्रार्थना 16व्या शतकातल्या गालीलमधल्या त्स्फात नगरातील मोशे बेन माखीर यांच्या ग्रंथातून रूढ झाली. तिच्यात देवाचे नाव नाही, केवळ ‘जिवंत आणि शाश्वत राजा’ असे संबोधन आहे, त्यामुळे सकाळचे विधिपूर्वक हात धुण्याआधी, अंथरुणातच ती म्हणता येते. उपकार कशाचे, तर रात्री सोपवलेला प्राण सकाळी ठेवीसारखा परत मिळाल्याचे.

आपल्याकडच्या मराठीभाषक बेने इस्रायली यहुदी कुटुंबांत मनातले काम झाले की भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे मांडून एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. त्याला ‘नवस फेडणे’ म्हणणे ठीक आहे. ‘मोदे’मध्ये मात्र फेडण्याचा भाव नाही, देणे लागतो, एवढेच तिथे मान्य केलेले असते.

‘हाकारात हातोव’ याचा शब्दशः अर्थ ‘भल्याची ओळख’. ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोडही ‘केलेले जाणणारा’ अशीच आहे, तेव्हा ‘कृतज्ञता’ चालेल. रोजच्या बोलण्यात ‘उपकाराची जाण’ अधिक जवळची. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ मात्र मी सुचवणार नाही, कारण त्यात मीठ घालणारा धनी गृहीत असतो. यहुदी परंपरा सांगते की मिसर देशावर संकट आणताना नाईलच्या पाण्यावर काठी उगारण्याचे काम मोशे संदेष्ट्याने न करता त्याचा भाऊ अहरोन याने केले, कारण टोपलीत ठेवून सोडलेल्या तान्ह्या मोशेला त्याच पाण्याने सांभाळले होते. जाण इथे पाण्याचीही ठेवली जाते.