श्वापदे, शिंगे आणि आकडे: वाचकांचे प्रश्न

दानीएल, यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील दृष्टान्तांविषयी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. उत्तरांत वचनांचे क्रमांक दिले आहेत. पवित्र शास्त्र उघडून शेजारी ठेवले, तरच त्यांचा उपयोग होईल.

प्रश्न: दानीएलाच्या सातव्या अध्यायातली चार श्वापदे म्हणजे नेमकी कोणती राज्ये? आमच्या अभ्यासगटात दर वेळी वेगळे उत्तर मिळते. सुरुवात कुठून करावी? (अहिल्यानगर)

सुरुवात आठव्या अध्यायापासून करा. तिथे उत्तर मजकुरातच दिलेले आहे. दोन शिंगांचा एडका दिसतो. त्याचे एक शिंग दुसऱ्यापेक्षा उंच असते आणि जे उंच ते मागून उगवलेले असते. मग पश्चिमेकडून एक बकरा जमिनीला पाय न लावता धावत येतो. त्याच्या डोळ्यांमध्ये एक ठळक शिंग असते. तो एडक्याला तुडवतो, पण ऐन बळात असताना ते शिंग मोडते आणि त्या जागी चार निघतात. २० ते २२ या वचनांत गब्रीएल स्वतः उलगडा करतो: एडका म्हणजे मेदी व पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीस, मोठे शिंग म्हणजे त्याचा पहिला राजा, आणि चार शिंगे म्हणजे त्या राष्ट्रातून उठणारी चार राज्ये.

आता इतिहास लावून पाहा. मेदी आधी बलाढ्य होते. पारसी कोरेश मागून आला आणि वरचढ ठरला. अलेक्झांडरने इ. स. पूर्व ३३४ मध्ये आशियात पाऊल टाकले, ३३१ मध्ये गौगामेला इथे पारसी सत्ता मोडली आणि ३२३ मध्ये तो बाबेलात वारला. पुढे कॅसँडर, लायसिमेकस, टॉलेमी आणि सेल्यूकस यांच्यात राज्य वाटले गेले. सेल्यूकसच्या वंशातल्या चौथ्या अँटिओकसने १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरातले नित्याचे बलिदान बंद पाडले. आठव्या अध्यायातले लहान शिंग तोच, यावर बहुतेक अभ्यासक एकमत आहेत.

यातून तीन किल्ल्या हाती येतात. प्राणी म्हणजे साम्राज्य, शिंग म्हणजे राजा किंवा त्याची सत्ता, आणि धावण्याची दिशा म्हणजे स्वारीची दिशा. त्या घेऊन सातव्या अध्यायाकडे वळा. ७:१७ मध्ये श्वापदांना ‘राजे’ म्हटले आहे आणि ७:२३ मध्ये चौथ्याला ‘राज्य’. म्हणजे हे दोन शब्द इथे एकमेकांच्या जागी येतात. त्यामुळे प्रत्येक श्वापदाला एकच माणूस शोधत बसू नका.

गरुडाच्या पंखांचा सिंह म्हणजे बाबेल, हे जवळजवळ सगळ्यांना मान्य आहे. फाटा त्यानंतर फुटतो. एका मांडणीत पुढची तीन राज्ये मेदी, पारस आणि ग्रीस अशी येतात, दुसरीत मेदी-पारस, ग्रीस आणि रोम. पहिली मांडणी आज बरेच चिकित्सक अभ्यासक मानतात. चौथे राज्य ग्रीकांचेच, असे तिसऱ्या शतकातला ख्रिस्तीविरोधक तत्त्वज्ञ पॉर्फिरीही म्हणत होता. दुसरी बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याची आणि परंपरेने चालत आलेली. इ. स. ७० नंतर लिहिलेल्या ‘चौथा एज्रा’ या यहुदी ग्रंथात तर रोमचे प्रतीक असलेल्या गरुडाविषयी देवदूत सरळ सांगतो की, दानीएलाने पाहिलेले चौथे राज्य हेच, पण मी तुला जसे उलगडून सांगतो तसे त्याला सांगितले नव्हते. म्हणजे चौथ्या राज्याच्या जागी रोम नव्याने वाचला जात होता, हे त्या ग्रंथातच नोंदलेले आहे.

दोन्ही मांडण्यांना कच्चे दुवे आहेत. पहिलीची अडचण अशी की, आठव्या अध्यायात मेदी आणि पारस मिळून एकच एडका आहे. दुसरीची अडचण अशी की, पाचव्या अध्यायाच्या शेवटी दारयावेश मेदी याच्या हाती राज्य जाते, म्हणजे या पुस्तकात मेदी सत्ता वेगळीही मोजली जाते. गटात कोणतीही बाजू घ्या, पण तिची गळती कुठे आहे तेही त्याच बैठकीत सांगा.

दुसऱ्या श्वापदाच्या, म्हणजे अस्वलाच्या, दातांतल्या तीन फासळ्यांवर फार वेळ घालवू नका. लुदिया, बाबेल आणि मिसर अशी जुळणी लोक करतात. हे तिन्ही देश इ. स. पूर्व ५४६, ५३९ आणि ५२५ मध्ये पारसी सत्तेने जिंकले, त्यामुळे ती आकर्षक वाटते. पण देवदूत फासळ्यांविषयी एक शब्दही बोलत नाही. मजकुरात फक्त ‘ऊठ, पुष्कळ मांस खा’ एवढीच आज्ञा आहे. तपशील भूक दाखवण्यासाठी आला आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

शिंगांवर तासभर आणि सिंहासनावर पाच मिनिटे, अशी वाटणी अनेक गटांत होते. ती उलटी करा. ७:९ ते १४ मध्ये न्यायसभा बसते, पुराणपुरुष आसनस्थ होतो आणि राज्य ‘मानवपुत्रासारखा’ जो येतो त्याला मिळते. समुद्रातून चार जनावरे वर येतात, आणि आभाळातल्या मेघांसह येणारा मात्र माणसासारखा आहे. हा विरोध नजरेतून सुटला की अध्यायच हातचा सुटतो.

प्रश्न: ६६६ हा आकडा आधार क्रमांकाशी किंवा दुकानातल्या क्यूआर कोडशी जोडणारे संदेश आमच्या मंडळीत फिरतात. काही वडीलधाऱ्यांनी घाबरून कागदपत्रे करणे थांबवले आहे. (पुणे)

आधी आकडा पाहू. इब्री आणि ग्रीक लिपींत अक्षरांनाच अंकांची किंमत असे, त्यामुळे नावाची बेरीज करता येई. प्रकटीकरण १३:१८ मध्ये ६६६ हा श्वापदाचा आकडा म्हणून येतो आणि वाचकाला ‘हिशेब कर’ असे सांगितले आहे. म्हणजे पहिल्या वाचकांना तो करता येण्याजोगा होता. ‘नेरोन केसर’ (रोमी सम्राट नीरो) हे नाव इब्री अक्षरांत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. हीच अक्षरे मृत समुद्राजवळ वादी मुरब्बआत इथे सापडलेल्या, नीरोच्याच काळातल्या अरामी दस्तऐवजात आहेत. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा नून गाळला तर ५० कमी होऊन ६१६ उरतात. आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमके ६१६ आहे. एकाच नावाने दोन्ही पाठ उलगडतात, ही या उत्तराची मोठी ताकद आहे.

उणी बाजूही सांगायला हवी. पुस्तक ग्रीक भाषेतले असताना हिशेब इब्री अक्षरांत का करावा, हा प्रश्न उरतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा ख्रिस्ती लेखक आयरेनियस ६१६ हा पाठ नाकारतो, काही ग्रीक नावे सुचवतो, पण नीरोचा उल्लेख करत नाही.

फसगत कुठे होते? आधी नाव ठरवले जाते, मग त्याला जुळेल अशी लिपी, स्पेलिंग आणि पदवी निवडली जाते. इंग्रजीत ए म्हणजे ६, बी म्हणजे १२ अशी मनाने किंमत लावली, की हवे ते नाव ६६६ मध्ये बसवता येते. अक्षरांच्या किमती त्या काळी खरोखर चालत होत्या का, एवढा एकच प्रश्न विचारा. बहुतेक हिशेब तिथेच कोसळतात.

आता श्वापदाची खूण. १३:१६-१७ मध्ये ती उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे, आणि ती नसेल त्याला खरेदी-विक्री करता येत नाही. अनुवाद ६:८ मध्ये देवाच्या आज्ञा हाताला आणि डोळ्यांमध्ये बांधायला सांगितल्या आहेत, आणि त्याचीच ही विकृत नक्कल आहे. पुढच्याच अध्यायात, १४:१ मध्ये, कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचे व पित्याचे नाव आहे. त्या नावासाठी कोणी छापील कोड शोधत नाही. मग एक खूण चिन्हरूप आणि दुसरी यंत्राची, असे एका पानावर वाचता येत नाही. शिवाय १४:९ मध्ये ‘श्वापदाला नमन करतो आणि खूण घेतो’ या गोष्टी एकत्र आल्या आहेत. विषय उपासनेचा आहे. ज्या सात मंडळ्यांना हे पुस्तक लिहिले, त्यांतल्या पर्गममात इ. स. पूर्व २९ पासून रोमा देवी आणि ऑगस्टस यांच्या नावाचे मंदिर होते. सम्राटपूजा तिथल्या नागरी जीवनात मुरलेली होती. खरेदी-विक्री बंद होण्याची भीती त्या वाचकांना दारातच दिसत होती.

तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे वचन उघडून दाखवा आणि त्यांच्यासोबत जाऊन अडलेली कागदपत्रे पूर्ण करून द्या. शासकीय ओळख क्रमांकात कोणाला नमन नाही, देवाला नकार नाही. भीतीपोटी पेन्शन किंवा दवाखाना अडू देऊ नका.

प्रश्न: आमच्या चर्चमध्ये सिंह, बैल, गरुड आणि माणूस ही शुभवर्तमानकारांची चिन्हे आहेत. ती श्वापदेच ना? (वसई)

नाही. ग्रीकमध्ये शब्दच वेगळे आहेत. प्रकटीकरण ४ मधल्या प्राण्यांना ‘झोआ’, म्हणजे जिवंत प्राणी, आणि १३ मधल्या श्वापदाला ‘थेरिऑन’, म्हणजे हिंस्र पशू. काही जुन्या इंग्रजी भाषांतरांत दोन्हींना एकच शब्द वापरल्याने घोळ झाला. मराठीत ‘प्राणी’ आणि ‘श्वापद’ असा भेद राखला आहे, हे आपले भाग्य.

मूळ चित्र यहेज्केल १ मधले आहे. इ. स. पूर्व ५९३, बंदिवासाचे पाचवे वर्ष, बाबेलातला खबार नदीचा काठ. तिथे प्रत्येक प्राण्याला चार तोंडे आणि चार पंख आहेत. प्रकटीकरणात प्रत्येकाचे रूप एकच आणि पंख सहा. सहा पंख यशया ६ मधल्या सराफीमांकडून आले. माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले बैल आणि सिंह अश्शूरच्या राजवाड्यांच्या दारांवर पहारेकरी म्हणून असत. यहेज्केल त्यांच्यासारखे प्राणी देवाच्या सिंहासनाखाली जुंपतो. प्राण्यांशेजारची चाके महत्त्वाची आहेत, कारण हे सिंहासन हलते. यरुशलेमपासून दूर पडलेल्यांना देव तिथेही येऊन भेटतो, असा त्याचा अर्थ.

शुभवर्तमानांशी जोडणी नंतरची. आयरेनियसने मार्काला गरुड आणि योहानाला सिंह दिला होता. तुमच्या चर्चमधली वाटणी, म्हणजे मत्तय माणूस, मार्क सिंह, लूक बैल, योहान गरुड, ही जेरोमची.

प्रश्न: प्रकटीकरण ९ मधले टोळ म्हणजे हेलिकॉप्टर, असे एका प्रवचनात ऐकले. (अमरावती)

तुमच्या जिल्ह्याने मे २०२० मध्ये खरी टोळधाड पाहिली आहे, म्हणून योएलाचे पहिले दोन अध्याय तुम्हाला लवकर कळतील. सिंहाचे दात (१:६), घोड्यांसारखे रूप आणि रथांसारखा आवाज (२:४-५) हे सगळे तिथून उचललेले आहे. पाच महिन्यांची मुदत टोळाच्या आयुष्याशी जुळते. एक खूण मात्र उलटी आहे: हे टोळ गवत आणि झाडे सोडून माणसांना पीडा देतात (९:४). अर्थ त्या उलटेपणात शोधा. जुना संदर्भ मिळाला की यंत्राची गरज उरत नाही.

प्रश्न: ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हा नियम सगळीकडे लावावा का? (नाशिक)

जिथे मजकूर सांगतो तिथेच. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ मध्ये तो स्पष्ट दिला आहे, पण त्या दोन प्रसंगांपुरता. दानीएल ८:१४ मध्ये २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ आहेत. अमेरिकी प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी त्यांची वर्षे केली, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली (शून्य वर्ष नसल्याने एक वाढवून) आणि १८४४ गाठले. २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येईल म्हणून वाट पाहणाऱ्या हजारो माणसांचे हाल झाले. बेरीज अचूक होती, चूक गृहीतकात होती. वचनाच्या आगेमागे विषय मंदिरातल्या नित्याच्या बलिदानाचा आहे, आणि ते रोज संध्याकाळी व सकाळी होत असे. अर्पणे एकेक करून मोजली तर २३०० अर्पणे म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे जास्त. मंदिर इ. स. पूर्व १६७ मध्ये भ्रष्ट झाले आणि १६४ च्या डिसेंबरात शुद्ध झाले. ती शुद्धी यहुदी घरांत आजही हनुक्का सणाच्या आठ दिव्यांनी साजरी होते.